बदाम सातमधली अडवणूक

अंधेरीच्या एखाद्या चाळीत सुट्टीत चौघांचा बदाम सात रंगला आहे. इस्पिकची सत्ती उतरली. अठ्ठी तुमच्या हाती आहे, वरचे एकही पान नाही. ती दाबून ठेवा! नव्वी ते राजा ही पाच पाने इतरांच्या हातात अडकतील.

दुसरे काहीही खेळोत, सर्वांत चांगलीच ठरते, अशा चालीला गणितात 'वरचढ' म्हणतात. ही तशी आहे का? नाही. उतरण्याजोगे पान असता 'पास' म्हणता येत नाही. म्हणून दर फेरीला दुसरे पान हवे. एक्का-राजा त्यासाठी उत्तम, कारण त्यांच्यापुढे कोणाला वाटच नसते. (मुले नेमके ते घाईने संपवतात!) समोरच्याने किलवरची छक्की दाबली असेल, तर अशी शिलकी पाने ज्याची आधी संपतील, त्याला वाट सोडावी लागते.