मांसाची सरकारी तपासणी आणि लहान गुरेपालक

अमेरिकेतील मोंटाना राज्यातला एखादा गुरेपालक आपल्या कुरणावर वाढविलेला बैल शेजाऱ्यास जिवंत विकू शकतो. परंतु तोच बैल घरी कापून त्याचे किलोभर मांस मात्र त्याला विकता येत नाही. प्रथमदर्शनी हा नियम विचित्र वाटतो. त्यामागील कारण समजून घेण्यासाठी शतकाहून अधिक मागे जावे लागते.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतील गलिच्छपणा चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी ३० जून रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांस-तपासणीच्या कायद्यावर सही केली. या कायद्यानुसार सरकारी तपासनीस कत्तलीपूर्वी जनावर लंगडते काय, आजारी दिसते काय, हे पाहतो. कत्तलीनंतर डोके, फुप्फुसे, यकृत इत्यादी अवयव तपासतो आणि मगच मांसावर शिक्का उमटतो. १९६७ च्या कायद्याने राज्यांतर्गत विक्रीसही हाच दर्जा आवश्यक ठरविला.

तथापि नुसत्या डोळ्यांनी सर्व काही दिसत नाही. १९९३ साली पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ‘ई. कोलाय’ या जंतूच्या एका घातक जातीची बाधा होऊन ४ बालके दगावली. हा जंतू निरोगी गुरांच्या आतड्यातही राहतो. कातडे सोलताना शेणाचा कण मांसाला लागला की तो पृष्ठभागावर येतो, आणि खिमा करताना आतपर्यंत मिसळतो. म्हणून खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापविणे आवश्यक असते. १९९६ च्या नियमांनी प्रत्येक कारखान्यास धोक्याच्या जागा आधीच हेरून त्यांच्या लेखी नोंदी ठेवण्याचे बंधन घातले.

येथेच लहान उत्पादकाची अडचण सुरू होते. तपासनीसाचे नेहमीच्या वेळेतील वेतन सरकार देते, हे खरे. परंतु शीतगृह, सांडपाणी व नोंदी यांचा खर्च कारखान्याला सोसावा लागतो. दिवसाला हजारो गुरे कापणाऱ्या कारखान्यात तो सहज विभागला जातो. आठवड्यास दहा-वीस गुरे कापणाऱ्या ठिकाणी तो प्रत्येक जनावरावर जड बसतो. परिणामी असे लहान कत्तलखाने विरळ आहेत, आणि गुरेपालकास जनावरे दूरवर न्यावी लागतात. २०२० मध्ये साथीमुळे मोठे कारखाने बंद पडले, तेव्हा लहान कत्तलखान्यांत कित्येक महिन्यांनंतरची पाळी मिळू लागली.

कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. ग्राहकाने जिवंत जनावर किंवा त्याचा हिस्सा विकत घेतल्यास, मालक या नात्याने त्याला ते तपासणीविना कापून घेता येते. मात्र त्या मांसावर ‘विक्रीसाठी नाही’ असा छाप असतो. ते मालकाच्या घरी, त्याच्या पाहुण्यांना व नोकरांनाच खाता येते. ज्याला अर्धा बैल साठविण्याइतके शीतकपाट परवडत नाही, त्याला ही वाट उपयोगाची नाही.

दुसरा मार्ग वॉशिंग्टन राज्यातील सॅन हुआन बेटांवरील शेतकऱ्यांनी शोधला. २००२ पासून तेथे चाकांवरील कत्तलखाना शेतोशेत जातो आणि सरकारी तपासनीस तेथेच हजर राहतो. तपासणी तीच, शिक्काही तोच. जनावराचा लांबचा प्रवास मात्र वाचतो. नियम शिथिल न करताही तो लहान उत्पादकाच्या दारापर्यंत नेता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.