दोर टाकीसन देख

दिवाळीनंतरची गोष्ट. सोनगीरच्या शिवारातल्या आमच्या विहिरीत मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला होता. पुतण्याने दिलेलं, पाण्याखाली खोली दाखवणारं घड्याळ मनगटावर होतं. डायलवर '२०० मीटर' वाचून मी आधीच चढलेलो. सालदार म्हणाला, "आप्पा, घड्याय राहू दे, दोर टाकीसन देख." ऐकलं नाही.

घड्याळात साडेतीन मीटर होते तेव्हाच डाव्या कानात सुई खुपसली. साडेतीन म्हणजे दोन परससुद्धा नाही, म्हणून आणखी खाली गेलो. कानात टच्‌कन झालं, गार पाणी आत शिरलं आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळेना. हाताला पाईप लागला, त्याला धरून वर आलो. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक पडलंय.

नंतर दोर टाकला. पाणी साडेसहा मीटर! घड्याळाच्या कडेला सेन्सरचं कणीएवढं भोक असतं. त्यात आधीच्या बुडीचा काळा गाळ वाळून घट्ट बसला होता. हे घड्याळ खोली मोजतच नाही. पाण्याचा दाब मोजतं आणि त्यावरून खोली सांगतं. भोक बुजलं की आकडा खोटा.

दाब म्हणजे काय, ते आमच्या गावच्या तांब्याच्या घागरीने कळतं. पालथी घागर पाण्यात दाबत न्या. १० मीटरवर आतली हवा निम्मी होते, अर्धी घागर पाण्याने भरते. ओरिस या घड्याळ कंपनीने २०१३ मध्ये याच तत्त्वावर काचेच्या कडेला खाच ठेवून घड्याळ काढलं. पण तीच हवा आपल्या कानाच्या पडद्याआडही असते, आणि तिला विहीर काय नि समुद्र काय.

म्हणून उतरताना दर हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची. कान मोकळा झाला नाही तर वर यायचं. घड्याळ काहीही म्हणो. सर्दी असताना उतरायचंच नाही. काठावर माणूस हवा, मोटारीचा फ्यूज काढून त्याच्याच खिशात. पाण्यात घड्याळाची चावी फिरवायची नाही, बाहेर आल्यावर ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. भोकात सुई घालू नका. मी घातली होती. ते '२०० मीटर' घड्याळाच्या डब्याचं बळ आहे, घालणाऱ्याचं नव्हे.

परवा पुतण्याचा फोन आला, घड्याळ कसं चाललंय म्हणून. म्हटलं, वेळ बरोबर दाखवतं.