भाच्याला, रावेरहून



क्लबाने तुझ्या हाती पोरांचा फुटबॉल संघ दिला आणि सामने हरताच तू दुसरीकडे अर्ज टाकायला निघालास, असं ताई म्हणाली. टाक, पण आधी गोव्याच्या समीर नाईककडे बघ. तिथल्या धेंपो क्लबाचा बचावपटू, भारताकडूनही खेळलेला. 2004-05 ते 2011-12 या आठ मोसमांत धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली आणि पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. समीर त्यांच्याच हाताखाली तयार झाला. 2016 साली धेंपोने आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. कुणीही म्हणालं असतं, आता इथे काय उरलंय? समीर पुढे त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला आणि 2024 मध्ये संघ पुन्हा आय-लीगमध्ये नेला.

आपल्याकडे केळीचा घड उतरला की बुडाशी एक पील राखून त्यावरच पुढची पिलबाग धरतात, तसंच हे. मात्र सगळीच पिलं राखली तर बागेचं रान होतं. कोणता पोरगा राखायचा, हे ओळखायला तुला एका जागी निदान चार-पाच वर्षं काढावी लागतील. अमक्याचा पाय कच्चा आहे की तो पहाटे ट्रकमध्ये केळी भरून थेट मैदानावर येतो, हे पहिल्या वर्षात कळत नाही. अर्थात अध्यक्षाची मर्जी सांभाळत खुर्ची उबवणारेही मी पाहिलेत. तसा राहणार असशील तर खुशाल जा.

आणखी एक. 5 डिसेंबर 2004, बंगळुरू, फेडरेशन कपची अंतिम लढत. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले. दुसरा मारताना तो गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि गेला. मैदानावर धड वैद्यकीय मदत नव्हती. धेंपोने कपही जिंकला आणि त्याच मोसमात लीगही, पण तो पोरगा परत आला नाही. तुमच्या मैदानाच्या फाटकाशी सामन्याच्या दिवशी गाडी आणि ड्रायव्हर उभा असतो का? कुणी कोसळला तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं किती पोरांना येतं? ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचार, हे शिकवायला एक सकाळ देतील. आणि उन्हाचंही बघ: मे महिन्यात सराव सकाळी सहाला सुरू कर आणि आठला थांबायची शिट्टी मार, कुणी कितीही हट्ट केला तरी.

कमिटीची बैठक कधी आहे ते कळव. स्ट्रेचरचा खर्च त्याच दिवशी मंजूर करून घे. अर्जाचं नंतर बोलू.

तुझा,
मामा