लहान मुलांना प्रभुभोजन कसे सांगावे?

वाचन : निर्गम 12:24–27; लूक 22:14–20; 1 करिंथ 11:17–34



उल्हासनगरच्या शब्बाथशाळेतील सहा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "ताई, भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढे का गेलं? मी काय केलं?" मी घाईत म्हणाले, "तू अजून लहान आहेस." तिला ती शिक्षा वाटली. चूक माझी होती.

वल्हांडणाचा विधी लावून देताना, मुले त्याचा अर्थ विचारतील आणि आईवडिलांनी तो सांगावा, असे देवानेच ठरवले होते. येशूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले तेही वल्हांडणाचेच. म्हणजे मुलांचा प्रश्न या मेजाचाच भाग आहे. आता मी हा पाठ तीन पायऱ्यांनी घेते.

पहिली, आठवण. गेलेल्या आजीच्या हातचा पदार्थ घरी केला की तिची आठवण निघते. येशूनेही आपली आठवण जेवणातच ठेवली.

दुसरी, खूण. 'रक्त' या शब्दाला लहान मुले घाबरतात. त्यांना एवढेच सांगावे : भाकर मोडतात, द्राक्षरस ओततात, तसा येशूने आपल्यासाठी जीव दिला.

तिसरी, वाटणी. करिंथ येथे काही जण आधीच पोटभर खात आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. आपल्याकडेही पंगतीभेद होता. 1895 मध्ये ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ सोवळे पाळत वेगळा स्वयंपाक करीत. पुढे ते बंधन त्यांनी स्वतःच टाकले.

बदलापूरजवळच्या वीटभट्टीवर आमचा वर्ग भरतो. उचल घेतलेली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर तेथे येतात आणि पावसाळ्याआधी पाड्यावर परततात. वर्गात आम्ही मुलांना पाव देतो. ते प्रभुभोजन नव्हे. तो खाऊ आहे, सगळ्यांना, कोणत्याही अटीविना. एकदा एका मुलाने अर्धाच पाव खाल्ला. उरलेला फडक्यात बांधत म्हणाला, "बहीण बाळाला सांभाळते. तिचा वाटा."

ही गोष्ट मी उल्हासनगरला सांगितली. तीच मुलगी म्हणाली, "मग येशूनं माझाही वाटा ठेवलाय?"

"हो," मी म्हणाले. "समजून-उमजून स्वतः विश्वासाची कबुली देशील, त्या दिवशी तू तो घेशील. तोवर तो तुझाच आहे."

अंबरनाथच्या पालकांना मी एक विनंती केली, तीच आपणांसही करते. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री जेवताना मुलांना हे सांगा, त्यांना प्रश्न विचारू द्या. आणि आपण मोठ्यांनी स्वतःला विचारावे : आपण मेजाजवळ बसतो तेव्हा कोणाचा वाटा अजून पोहोचलेला नाही?

प्रार्थना : प्रभो, तुझी भाकर घेणारे आमचे हात वाटणारेही होवोत. आमेन.