शुक्र म्हणजे दुःखावरचे झाकण नव्हे



आपल्या घरांत दिवसातून कितीदा तरी 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले जाते. जेवण झाले, शिंक आली, कोणी खुशाली विचारली, की हा शब्द ओठांवर येतो. तो मनापर्यंत किती वेळा पोहोचतो, हे या पाठात आपण स्वतःला विचारावयाचे आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. कुरआनातील शब्दांचा कोश रचणारे इमाम रागिब अस्फहानी शुक्राचा संबंध नेअमत मनात आणण्याशी व ती उघड करण्याशी जोडतात. त्याच्या विरुद्ध 'कुफ्र'. त्यात नेअमतीचा विसर आहे आणि तिच्यावर पडदा टाकणेही आहे. बी मातीने झाकणाऱ्या शेतकऱ्यालाही अरबीत याच धातूपासून झालेला शब्द लावतात. मराठीतील 'कृतज्ञ' हा शब्दही याच वाटेने जातो. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो, तो कृतज्ञ. दोन्ही भाषांत शुक्राचा आरंभ जाणण्यापासून होतो. जीभ त्यानंतर येते.

आता हाच विषय आधुनिक मानसशास्त्राच्या बाजूने पाहू. 1998 मध्ये मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. मानसशास्त्राने मनाच्या आजारांचा पुष्कळ अभ्यास केला, परंतु मनुष्याचे जीवन कशाने फुलते याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे त्यांनी मांडले. त्यातून 'सकारात्मक मानसशास्त्र' ही शाखा उभी राहिली. 2011 च्या 'फ्लरिश' या पुस्तकात त्यांनी मानवी कल्याणाचे पाच घटक सांगितले: सुखद भावना, कामातील तल्लीनता, जिव्हाळ्याची नाती, जीवनाला असलेला अर्थ आणि हाती घेतलेले तडीस नेण्याचे समाधान. सुखद भावना हा पाचांपैकी केवळ एक घटक आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग नेअमत समोर असूनही दिसत का नाही? 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 22 लॉटरीविजेत्यांची तुलना तितक्याच सामान्य लोकांशी केली. लॉटरी आपल्याला वर्ज्य आहे. येथे प्रश्न मनाच्या स्वभावाचा आहे. विजेते इतरांहून विशेष सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी करणे, मित्राशी बोलणे अशा साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. मन मिळालेल्या गोष्टीला सरावते. घरात प्रथम नळ आला, तेव्हा आजीने त्या धारेखाली दोन्ही हात धरले असतील. आज तोच नळ आपल्याला पाणी गेले म्हणजेच आठवतो.

या सरावावर उपाय काय? इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये शुक्राची तीन अंगे सांगितली आहेत: इल्म, हाल आणि अमल. नेअमत व तिचा दाता यांना ओळखणे हे इल्म. त्या ओळखीतून हृदयात उमटणारा आनंद हा हाल. आणि त्या आनंदातून घडणारे कर्म हा अमल.

इल्म सरावाने वाढते. 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने त्रास देणाऱ्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले जीवन अधिक समाधानाचे वाटू लागले. 2005 मध्ये सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. लोकांनी आठवडाभर रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहिले. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसून आला. त्यातील 'का' महत्त्वाचा आहे. कारणाचा माग घेत गेलो, की आपण उपकार करणाऱ्या माणसापर्यंत, आणि अखेरीस त्या माणसाच्या हृदयात दया घालणाऱ्या अल्लाहपर्यंत पोहोचतो.

अमलाविषयी सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांच्या कुटुंबाला कर्मातून शुक्र करण्याचा आदेश आहे. जो माणसांचे आभार मानीत नाही, तो अल्लाहचेही मानीत नाही, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. म्हणून ज्या घरात रांधणाऱ्या हातांचे कौतुक कधी होत नाही, तेथील दस्तरख्वानावरचा शुक्र अपुरा राहतो.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक तरुण माझ्याजवळ थांबला. झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, असे तो म्हणाला. मी घाईत होतो. "अल्लाहने तुला किती दिले आहे ते बघ, शुक्र अदा कर," असे सांगून मी निघालो. पुढे त्याने मस्जिदीत येणे बंद केले. त्याच्या थोरल्या भावाकडून कळले, की आपले दुःख म्हणजे नाशुक्री आहे, आपला ईमानच कमकुवत आहे, असे त्याने मनाशी धरले होते. घरच्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेले, उपचाराने तो सावरला. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. नेअमत उघड करणारा शब्द मी त्याच्या दुःखावर झाकण म्हणून ठेवला होता.

वास्तविक मदरशात शिकलेले मला आठवायला हवे होते. हजरत याकूब (अ.स.) पुत्रवियोगाने इतके व्याकूळ झाले, की त्यांचे डोळे पांढरे पडले; तरीही सुंदर सब्राचे उदाहरण म्हणून कुरआनात तेच आहेत. आपला पुत्र इब्राहीम याच्या मृत्यूसमयी प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले होते. सन 934 मध्ये निधन पावलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी देहाचे आणि मनाचे आरोग्य यांवर एकच ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: ज्याचे कारण ठाऊक असते ते, आणि ज्याचे कारण सापडत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी देहात पाहिले व त्यासाठी देहाच्याही उपचाराची गरज सांगितली. सुखद भावना आटली म्हणून नाती, अर्थ आणि ईमान आटले असे होत नाही.

तेव्हा या महिन्याचा अभ्यास असा. इशानंतर घरातील प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, दिवसातील तीन नेअमती आणि त्यांची कारणे सांगावीत. त्यांत एखाद्या माणसाचे नाव आले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे आभार मानावेत. आणि घरात कोणी आठवडेच्या आठवडे उदास असेल, तर त्याच्याकडून शुक्राची यादी मागू नये. जवळ बसावे, ऐकावे, डॉक्टरांकडे न्यावे. 14416 या 'टेलि-मानस' सरकारी सेवेच्या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

आपण धडधाकट असताना आजाऱ्याजवळ बसणे हाही अमल आहे, आणि आपल्या आरोग्याचा शुक्र त्यातूनच अदा होतो.