पुडा स्वस्त, पण ताट अपुरे

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच दोन मुले तिसऱ्याला धरून घेऊन आली. वय एकवीस, उंचापुरा, जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून पोलीस भरतीच्या तयारीसाठी शहरात येऊन राहिलेला. विद्यापीठाच्या परिसरात १६०० मीटर धावण्याचा सराव करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खालीच बसला. तपासले तर पापण्यांची आतली बाजू पांढुरकी, ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ गुळगुळीत. रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. पुरुषात ते १३ तरी हवे.

"दिवसभरात काय खातोस रे?" मी विचारले.

"सकाळी चहा-बिस्किट, दुपारी नूडल्स, रात्री नूडल्स. खोलीत गॅस चालत नाही सर, विजेची किटली आहे."

मित्र बाहेर गेल्यावर त्याने हळूच सांगितले, "घरून मेसचे पैसे येतात. पण बहिणीची फी भरायची असते, म्हणून मी ते परत पाठवतो." अशा मुलाला रागवायचे तरी कसे?

त्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या मित्राच्या मुलीचा फोन आला. "काका, इथली मुले टोस्टवर बीन्स घालून खातात. स्वस्त पडते म्हणून मीही तेच खाते. चालेल ना?" एक विद्यार्थी इथला, एक तिथली. दोघांचाही खिसा रिकामाच. मग एकाचे रक्त उतरले आणि दुसरीचे काय होईल, हे समजण्यासाठी दोन्ही जेवणे शेजारी शेजारी मांडून पाहू.

पुडा कोठून आला?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची मोठी टंचाई होती. त्या आठवणीतून मोमोफुकु अँडो या उद्योजकाने ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या शेडमध्ये प्रयोग करून वाफवलेले नूडल्स तेलात तळून सुकवण्याची युक्ती शोधली. तळताना त्यातले पाणी निघून जाते आणि बारीक छिद्रे पडतात. वरून उकळते पाणी ओतले की ती छिद्रे पाणी शोषून घेतात आणि नूडल्स मऊ होतात. हा माल २५ ऑगस्ट १९५८ रोजी बाजारात आला. आपले मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांचा हा पुडा यांच्या वयात दोनच दिवसांचे अंतर!

म्हणजे नूडल्स हे काही विष नव्हे. तळलेला मैदा, मीठ आणि मसाला, एवढाच तो पदार्थ आहे. ७० ग्रॅमच्या पुड्यात उष्मांक ३०० च्या आसपास मिळतात, पण प्रथिने जेमतेम ५ ते ६ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. दोन पुड्यांत १२ ग्रॅम मिळाली, तर बाकीची आणायची कोठून?

इंग्रजांचे वरण-पोळी

आता टोस्ट-बीन्स पाहा. हे बीन्स म्हणजे राजम्याच्याच कुळातला पांढरा घेवडा, टोमॅटोच्या रसात शिजवून डब्यात भरलेला. दोन टोस्ट आणि अर्धा डबा बीन्स यांतून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, शिवाय भरपूर चोथा. दोष त्यातही आहेत. डब्यातल्या रसात साखर आणि मीठ असते, हिरवी भाजी तर औषधालाही नसते. पण मुख्य गोष्ट जमली आहे, ती म्हणजे धान्याला कडधान्याची जोड.

गहू, तांदूळ, ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मिथिओनिन कमी पडते, ते धान्य भरून काढते. आपली पिठले-भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी याच हिशेबावर उभी आहे. आपल्या आज्यांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण हिशेब पक्का ठाऊक होता. नुसत्या नूडल्समध्ये ही जोडच नाही. खुद्द जपानमध्ये त्या पहिल्या नूडल्सच्या वडीला आता वरून खळगा ठेवलेला असतो, तो अंडे फोडून घालण्यासाठी! आपण वडी घेतली, अंडे विसरलो.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. पुड्यावर मात्र सोडियम लिहिलेले असते, तेही मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्याला अडीचने गुणा, मिठाचे मिलिग्रॅम मिळतील. घरात रक्तदाबाचा इतिहास असेल तर हा गुणाकार जरूर करावा.

किटलीवर काय करता येईल?

१. नूडल्स खायचेच असतील तर दिवसातून एकदाच. मसाला अर्धा टाका. सोबत उकडलेले अंडे किंवा उकळत्या पाण्यात शिजवलेली मोड आलेली मटकी घ्या.
२. रोज मूठभर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे. शेंगदाण्यांच्या एका मुठीत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पुड्याच्या पैशांत ही मूठ सहज बसते.
३. भिजवलेले पोहे, त्यावर दही किंवा दाण्याचे कूट, कांदा, टोमॅटो आणि लिंबू. लिंबातले क जीवनसत्त्व अन्नातले लोह शोषायला मदत करते.
४. जेवणाबरोबर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवा.
५. गावाकडून येताना बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अळिवाचे लाडू आणा. लाज कसली?

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी निघाले तर नुसत्या आहाराला दोष देऊन थांबू नये. जंत, मूळव्याध, पोटातील अल्सर, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा शोध घ्यावा लागतो. आमच्या या मुलाला जंतही निघाले. जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि वरची यादी कागदावर लिहून दिली. परवा रक्त तपासले तर ११.८. अजून पल्ला बाकी आहे, गोळ्याही आणखी काही महिने चालतील. पण १६०० मीटर तो न थांबता पूर्ण करतो. मित्राच्या मुलीला सांगितले, बीन्स चालू ठेव, रोज एखादे फळ आणि थोडी पालेभाजी वाढव.

आणि पालकहो, मुलगा फोनवर असला की आपण विचारतो, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." यापुढे विचारा, "काय जेवलास?"