वडगावचे औदार्य

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास येते. मळवली, कामशेत, कान्हे ही स्थानके मागे पडली की वडगाव लागते. मावळातील या लहानशा गावी १७७९ च्या जानेवारीत एका मोठ्या प्रश्नाची कसोटी लागली. अडचणीत सापडलेल्या माणसास आपण सोडविले आणि त्याने त्याचाच गैरफायदा घेतला, तर आपले औदार्य चुकले असे म्हणावे काय?

पेशवे नारायणराव यांचा १७७३ मध्ये खून झाला. त्यानंतर त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले; परंतु पुण्याच्या कारभाऱ्यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. ते मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले. इंग्रज मराठ्यांना अपरिचित नव्हते. मॉस्टिन नावाचा त्यांचा वकील पुण्याच्या दरबारी राहिलेला होता. तरीही रघुनाथरावांना गादीवर बसविण्याच्या मिषाने १७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे चार हजार इंग्रजी फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून मावळात उतरली.

मराठ्यांनी एकदम मोठी लढाई दिली नाही. त्यांनी शत्रूची रसद तोडली आणि वाटेतील दाणाचारा नाहीसा केला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा धाडसी अधिकारी ठार झाला. त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनीच त्यास ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले होते. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली, तो गाव जळालेले! पुणे जवळ आले होते, पण पुढे जाण्याचा धीर राहिला नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली. वडगावास येताच महादजी शिंदे यांच्या सैन्याने तिला चहूकडून वेढले. अन्न सरले, वाट खुंटली.

अशा वेळी तिचा संहार करणे अवघड नव्हते. परंतु १६ जानेवारीस तह झाला. १७७३ पासून घेतलेला साष्टीसह सारा मुलूख परत करावा, बंगालहून येणारी फौज थांबवावी, अशी कलमे ठरली. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. यात केवळ दया होती असे नव्हे. भडोचच्या उत्पन्नातील इंग्रजांचा वाटा महादजींना मिळावयाचा होता. तथापि दोन इंग्रज ओलीस ठेवून बाकी सारी फौज सुखरूप मुंबईस जाऊ दिली, हे औदार्यच होय. आपणास तह करण्याचा अधिकार नाही, असे इंग्रज प्रतिनिधींनी आधी सांगितले होते, आणि तरीही त्यांनी सही केली. धोक्याची सूचना त्या शब्दांतच होती.

पुढे काय झाले? फौज घरी पोहोचताच मुंबईकरांनी तह मानण्याचे नाकारले. बंगालची फौज घेऊन गॉडर्ड सुरतेस आला. रघुनाथरावांना जहागीर देऊन झाशीकडे पाठविले जात होते. नर्मदेच्या वाटेवर ते पहाऱ्यातून निसटले आणि पुन्हा इंग्रजांना मिळाले. १७८० मध्ये महादजींनी दोन्ही ओलिसांना सोडून सलोख्याचा हात पुढे केला; थोड्याच दिवसांत गॉडर्डने त्यांच्याच छावणीवर हल्ला केला. बोट दिले की मनगट धरावे, तशी ही गत! वर्षअखेर वसईही गेली. ‘त्या वेळी सोडले नसते तर!’ असे कोणाच्याही मनात आले असेल.

परंतु नीट विचार करा. वेढ्यातील उपाशी माणसांचे प्राण वाचविले, ही चूक नव्हे. जो आपल्या शब्दाचा धनी नाही असे स्वतःच सांगतो, त्याच्या शब्दावर विसंबणे ही चूक. वचन पुरे होण्याआधी तारण सोडणे ही दुसरी चूक. दया ही दुसऱ्याची गरज पाहून करावयाची असते. विश्वास त्याचे वर्तन पाहून ठेवावयाचा असतो. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे पश्चात्तापाची पाळी येते.

या कथेचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पण दोन्ही पक्षांनी तहाचे जामीन म्हणून महादजींनाच निवडले. भडोच त्यांना देताना, वडगावी दाखविलेल्या उदारतेची आणि ओलिसांना दिलेल्या चांगल्या वागणुकीची ही पोच आहे, असे इंग्रजांनी मान्य केले. ज्यांनी वचन मोडले, त्यांनाच अखेर वचन पाळणाऱ्याची गरज लागली.

शब्दार्थ
मिष – निमित्त. रसद – सैन्यास लागणारी सामग्री. ओलीस – वचनपूर्तीसाठी ठेवून घेतलेला माणूस. तारण – हमी म्हणून ठेवलेली वस्तू. पोच – मिळाल्याची कबुली.

स्वाध्याय
१. इंग्रजी फौज तळेगावाहून मागे का फिरली?
२. वडगावच्या तहातील कलमे सांगा.
३. लेखकाच्या मते औदार्य कोठे संपते आणि चूक कोठे सुरू होते?
४. वाक्यांत उपयोग करा : टिकाव लागणे, वाट खुंटणे, शब्दावर विसंबणे.
५. तुम्ही मदत केलेल्या मित्राने वचन मोडले, तर पुढील वेळी कसे वागाल? दहा ओळी लिहा.